माहेरच्या रस्त्याला बंद पडणारी गाडी

“गाडीला रस्ता कळतो का, वस्ताद?”

दस्तगीर वस्तादांनी पानाला चुना लावता लावता मान वर केली. समोर प्रल्हाद लोहार उभा होता. अंगात इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट. त्याच्या मागे, रस्त्याच्या कडेला, गोल पाठीची काळी जुनी फियाट उन्हात आरशासारखी चमकत होती.

“ये म्हणायच्या आधीच इचारतोईस,” वस्ताद म्हणाले. “बस की. का इस्त्री मोडंल?”

प्रल्हाद बाजेच्या कडेला टेकला.

याच माणसाच्या हाताखाली तो पाना धरायला शिकला होता. पुढे त्याने हायवेला स्वतःचं गॅरेज काढलं. आता पुण्या-मुंबईचे शौकीन आपल्या जुन्या गाड्या ट्रकवर चढवून त्याच्याकडे पाठवतात. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात त्याची व्याख्यानं होतात. इथे यायला मात्र त्याला कित्येक वर्षांत सवड झाली नव्हती.

मधल्या काळात वस्तादांचं शेड गेलं. रस्ता रुंद करायचा म्हणून पाडलं. रस्ता तेवढाच राहिला. शेडच्या जागेवर आता बारा महिने कुणा ना कुणा साहेबांच्या वाढदिवसाचा फलक उभा असतो, आणि त्या फलकाच्या सावलीत बाज टाकून ऐंशी ओलांडलेले वस्ताद बसतात. कोल्हापुरातल्या निम्म्या मोटारी ज्याने एकेकाळी रस्त्यावर ठेवल्या, त्याला गावाने दिलेली ही सावली. तीही साहेबांची.

“तुझाबी फोटो बघितला बोर्डावर,” वस्ताद म्हणाले. “पाना उलटा धरलाईस.”

“फोटोग्राफरनं धरायला लावला.”

“मग गाडीचं त्यालाच इचारायचं.”

प्रल्हाद हसला नाही. वस्तादांनी ते बघितलं आणि पान तोंडात न घालता हातातच धरून ठेवलं.

“काय झालंय?”

“बंद पडते.”

“कवा?”

“तेच तर… गावात कधी नाही. रंकाळ्याला रोज चक्कर मारा, जोतिबा चढवा, पन्हाळा चढवा. हूं नाही की चूं नाही. राधानगरीच्या रस्त्याला लागलो की मरते. कधी राधानगरीच्या अलीकडं, कधी पलीकडं. पण त्याच रस्त्यावर.”

“मग?”

“थांबायचं. तासाभरानं आपोआप चालू होते. पुढं नेली तर पुन्हा मरते. तोंड कोल्हापूरकडं वळवलं की घोड्यासारखी पळते.”

“पॉइंट?”

“नवे.”

“कॉइल, कंडेन्सर?”

“दोन्ही बदलले. कंडेन्सर तर दोनदा.”

“पंप?”

“नवा. कार्बोरेटर खोलून धुतला. लाइन फुंकून घेतली. गॅरेजात वरून बाटली टांगून पेट्रोल दिलं, दिवसभर चालली. इंजिनात काही नाही, वस्ताद. शपथेवर सांगतो.”

“टाकी?”

“टाकी ठीक आहे.”

“लई झटकन बोललास.”

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याची गाणी संपेपर्यंत दोघंही थांबले.

“त्या रस्त्याला काय हाय तुझं?” वस्तादांनी विचारलं.

“फोंडा घाट उतरला की खाली… कुंदाचं माहेर.”

कुंदा त्याची बायको. वेंगुर्ल्याकडची. तिला जाऊन हा दुसरा उन्हाळा.

ही फियाट त्याने भंगारातून उचलली ती तिच्यासाठीच. फाल्गुन लागला की ती दारात उभी राहून म्हणायची, “आमच्याकडे सुरंगी फुलली असतली.” आणि हा म्हणायचा, पुढच्या वर्षी. आपल्या गाडीतून जाऊ, थाटात. मग कुणा शेठजीची गाडी यायची, कुणा आमदाराच्या मेव्हण्याची यायची, आणि बायकोची गाडी विटांवर उभी राहायची. लोकांच्या हौसेला तारखा होत्या. हिच्या हौसेला पुढचं वर्ष होतं.

शेवटी गाडी झाली. त्याच आठवड्यात माहेरून कुणीतरी एस.टी.तून सुरंगीचे वळेसर, म्हणजे फुलांचे गजरे, पाठवले होते. कुंदाने एक केसांत माळला, एक गाडीच्या काचेखालच्या पुढच्या फळीवर ठेवला, आणि रंकाळ्याला एक चक्कर मारून आली.

तेवढीच.

“आता दर वेळी मी निघतो,” प्रल्हाद म्हणाला, “आणि दर वेळी गाडी मला परत आणून सोडते. मी यंत्राचा माणूस आहे, वस्ताद. असलं काही मानत नाही. पण…”

त्याने बुटाच्या टोकाने मातीत एक रेघ ओढली.

“माणूस गेल्यावर राग धरतं का?”

वस्तादांनी पान तोंडात टाकलं. खूप वेळ चावलं.

“चल,” ते म्हणाले.

“कुठं?”

“मरती तिथं.”

वस्तादांचा हा रिवाज साऱ्या गावाला माहीत होता आणि साऱ्या गावाने त्याची टिंगलही केली होती. चालत्या गाडीचं बॉनेट ते कधी उघडत नसत. बऱ्या माणसाच्या तोंडात थर्मामीटर कशाला, म्हणायचे. गाडी जिथे रुसते तिथे न्यायची. मालकालाच चालवायला लावायचं. नेहमी जसं जातात तसंच जायचं, त्यात तसूभर फरक करायचा नाही. आणि आपण नुसतं बसायचं.

मागच्या घरातून सुनेने हाक मारली, “अब्बा, गोळ्या घेतल्या काय?”

“घेतल्या!” वस्ताद ओरडले. घेतल्या नव्हत्या.

त्यांनी काठी टेकत टेकत फियाटची पुढची डावी बाजू गाठली आणि दाराला हात घातला.

“तिथं नको.”

प्रल्हादचा आवाज त्याचा त्यालाच मोठा वाटला.

“म्हणजे… मागं बसा, वस्ताद. मागं ऐसपैस आहे.”

वस्तादांनी काचेतून आत बघितलं. पुढच्या रिकाम्या सीटवर साधी सुरकुतीसुद्धा नव्हती. समोरच्या फळीवर तपकिरी पडलेला एक वळेसर होता.

ते मागे जाऊन बसले.

गावाबाहेर पडण्याआधी प्रल्हादने गाडी पेट्रोल पंपावर घेतली.

“हे नेहमीचंच?” मागून प्रश्न आला.

“हो. लांबचा पल्ला. टाकी फुल करूनच निघतो.”

“आन् गावात?”

“गावात कशाला भरायची? असतं थोडंसं तळाला.”

वस्ताद “हं” म्हणाले.

पंपावरचा माणूस पुढे आला तसा प्रल्हाद घाईने उतरला. टाकीच्या झाकणाला त्याने त्या माणसाला हात लावू दिला नाही. स्वतः काढलं, स्वतः लावलं, दोन्ही हातांनी पिळून घट्ट केलं आणि रुमालाने पुसलं.

मग रस्ता सुरू झाला. खड्डे बुजवल्याचे फलक खड्ड्यांपेक्षा मोठे होते. गाडी मात्र पाण्यावरून जावी तशी जात होती. काम खरोखरच देखणं झालं होतं. एक पत्रा वाजत नव्हता.

“काच उघड,” वस्ताद म्हणाले.

“बंदच असते.”

“मार्च महिना हाय, पल्या.”

“…नेहमीसारखंच जायचं म्हणालात ना?”

वस्तादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कपाळावरचा घाम भुवईत उतरला, भुवईतून दाढीत. थोड्या वेळाने त्यांनी नाक वर केलं. आपल्या नाकाचा त्यांना फार अभिमान होता. कान गेले, डोळे गेले, पण नाक अजून जवानीतलं आहे असं ते सगळ्यांना, विचारलं नसलं तरी, सांगत.

“फूल हाय कसलंतरी.”

“सुरंगी.”

“वाळल्यावरबी वास देती?”

“वाळल्यावरच जास्त राहतो.”

“दोन वर्सं?”

प्रल्हाद पुढे बघत राहिला. दाराच्या कडांना त्याने परदेशी रबर बसवलं होतं. बाहेरचा वारा, धूळ, आवाज काही आत येत नव्हतं. आतलंही काही बाहेर जात नव्हतं. मागे म्हातारा माणूस तोंड उघडून बसला होता.

राधानगरी मागे पडली. चढ लागला.

प्रल्हादची पाठ ताठ झाली. त्याने बोटं स्टिअरिंगवर घट्ट आवळली, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाला. गाडीला म्हणाला की रिकाम्या सीटला, ते वस्तादांना ऐकू आलं नाही.

इंजिनाने एक आचका दिला.

दुसरा दिला.

मग सगळं शांत झालं. गाडी उरलेल्या वेगावर सरकत सरकत कडेच्या जांभळीखाली जाऊन उभी राहिली.

प्रल्हाद चिडला नाही. पाना शोधायला वाकला नाही. दारातूनच परत पाठवलेल्या पाहुण्यासारखा मान खाली घालून बसला.

“बघितलंत?” तो म्हणाला. “काटा बघा. टाकी भरलेली आहे. स्पार्क आहे. सगळं आहे… आणि नको म्हणतेय.”

मागून काहीच आवाज आला नाही.

“वस्ताद?”

“दार उघड,” वस्ताद कसेबसे म्हणाले. “जीव घुसमटला माझा.”

प्रल्हाद धडपडत उतरला. मागचं दार रबराला चिकटून बसलं होतं; त्याने दोन्ही हातांनी ओढलं. म्हाताऱ्याला काखेत धरून बाहेर काढलं. वस्तादांनी गाडीच्या मागच्या अंगावर हात टेकला, तोंड आकाशाकडे केलं आणि हवा आत ओढली. पुन्हा ओढली. छातीचा भाता भरला, रिता झाला, भरला.

“पाणी देऊ?”

त्यांनी मान हलवली. नको.

त्यांचा हात ज्या पत्र्यावर टेकला होता, त्याच्या शेजारीच टाकीचं झाकण होतं. श्वास जागेवर आल्यावर त्यांचं लक्ष तिकडे गेलं. अंगठ्याने त्यांनी ते चाचपलं.

“पितळी?”

“हो.”

“कुणी केलं?”

“मीच. लेथवर.”

“सुबक हाय.” त्यांनी कडेवरून नख फिरवलं. “आतनं रबरबी घातलाईस.”

“…हो.”

“उघड.”

प्रल्हादने झाकणाला हात घातला. ते निघेना. त्याने रुमाल गुंडाळून जोर लावला. झाकण जरासं हललं, आणि टाकीने श्वास घेतला.

मोठा श्वास. फुस्स असा. विहिरीचा तळ गाठून वर आलेलं पोर पहिल्यांदा घेतं तसा, लांबलचक, संपता संपेना असा.

प्रल्हाद झाकण हातात धरून उभा राहिला.

हे तो दर वर्षी कॉलेजातल्या मुलांना शिकवत होता. टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. म्हणून जुन्या झाकणाला मोहरीएवढं भोक असतं. भोक बंद झालं की टाकी पेट्रोल सोडत नाही. पंप ओढून ओढून दमतो आणि इंजिन भरल्या टाकीवर उपाशी मरतं. टाकी जेवढी भरलेली, आत हवा तेवढी कमी, आणि गाडी तेवढी लवकर गुदमरते. टाकी तो एकाच रस्त्याला निघताना भरत होता. परतताना टाकी उतरलेली असायची आणि रस्ताही उताराचा.

त्याला सगळं माहीत होतं. इंजिनासाठी केलेलं एकेक काम त्याने पुन्हा पुन्हा तपासलं होतं. हे बिनभोकाचं झाकण मात्र इंजिनासाठी नव्हतं.

“जुनं झाकण काय वाईट हुतं?” वस्तादांनी विचारलं.

“त्यातून पेट्रोलचा वास आत यायचा.”

“जुन्या गाडीत येतोच.”

“येतो.”

“मग?”

प्रल्हादने झाकण या हातातून त्या हातात घेतलं.

“सुरंगी मरत होती, वस्ताद.”

वरून एक एस.टी. आली. ड्रायव्हरने वेग कमी केला आणि खिडकीतून डोकं काढलं. “काय मामा, नवरीला धक्का देऊ काय?”

“तू तुजी म्हातारी ढकल जा!” वस्ताद ओरडले. एस.टी. हसत, धूर सोडत वळणाआड गेली.

पुन्हा शांत झालं. जांभळीत कुठेतरी एक पक्षी एकच सूर लावून बसला होता.

वस्तादांनी पानाची चंची काढली. तिच्यातला सुपारीचा छोटा चाकू काढला आणि मुठीकडून प्रल्हादसमोर धरला.

“रबर काढ.”

“तुम्ही काढा.”

“म्या बसवलंय व्हय?”

प्रल्हादने चाकू घेतला. पात्याचं टोक रबराच्या कडेला लावलं. लावलं आणि तसंच ठेवलं.

“वास राहणार नाही,” तो म्हणाला.

वस्ताद काठीवर दोन्ही हात ठेवून रस्त्याकडे बघत होते.

“दुसरा वळेसर ठेवता येईल, पण तो तिनं ठेवलेला नसणार… तिच्या हातचं एवढंच उरलंय माझ्याजवळ.”

पात्याचं टोक रबरात जरासं रुतलं.

“गाडीत बसते तेव्हा… म्हणजे बसायची तेव्हा…”

मग त्याने पातं आत घातलं. रबर चांगलं बसवलेलं होतं, सहज निघालं नाही. एका जागी सुटलं, दुसऱ्या जागी तुटलं. शेवटी काळं वेटोळं त्याच्या तळहातावर आलं. फेकून द्यायला त्याने हात उचलला, पण फेकलं नाही. पांढऱ्या शर्टाच्या खिशात घातलं. खिशावर लगेच काळा डाग उमटला.

झाकण त्याने टाकीवर ठेवलं आणि साधंच फिरवलं. पिळलं नाही.

वस्ताद मागच्या दाराकडे गेले.

“पुढं बसा, वस्ताद,” प्रल्हाद म्हणाला. हळूच म्हणाला, पण म्हणाला.

वस्तादांनी पुढच्या सीटकडे एकदा बघितलं आणि मागेच जाऊन बसले.

किल्ली फिरवताच गाडी चालू झाली. जणू मधे काही झालंच नव्हतं.

सवयीने प्रल्हादचे हात स्टिअरिंग कोल्हापूरकडे वळवू लागले. दर वेळी इथूनच वळत होता तो. गाडी अर्धी वळली, आणि रस्त्यात आडवी थांबली.

त्याने आरशात बघितलं. वस्ताद डोळे मिटून बसले होते. काही सांगण्याच्या बेतात दिसत नव्हते.

इंजिन चालूच होतं. थांबत नव्हतं, गुदमरत नव्हतं, नको म्हणत नव्हतं. आता परत जायला कारणच उरलं नव्हतं.

प्रल्हादने स्टिअरिंग सरळ केलं.

चढ आला तशी गाडी चढत गेली. दाजीपूरचं जंगल दोन्ही बाजूंनी अंगावर आलं, रस्त्यावर सावल्या पडू लागल्या. आणि मग तो वास आला. आधी मागे, मग पुढे. कच्च्या पेट्रोलचा, उग्र, गॅरेजातला, रोजचा. त्याच्या अंगाला, कपड्यांना, नखांना जन्मभर आलेला. घरी गेल्यावर कुंदा नाकाला पदर लावून ज्याला हसायची तो.

त्याने एकदा जोराने श्वास घेतला. पुन्हा घेतला. फळीकडे झुकून घेतला.

“गेला, वस्ताद,” तो म्हणाला. “सुरंगीचा वास गेला.”

वळण आलं तसा त्याने गिअर बदलला.

“राग नव्हता ना तिचा?”

झाडं विरळ झाली. रस्ता एका वळणावर अचानक संपल्यासारखा झाला. पुढे नुसतं आभाळ होतं, आणि आभाळाखाली, खोल, निळसर धुक्यात, कोकण.

प्रल्हादने वेग कमी केला. त्याचे डोळे भरले होते आणि पुढचं नीट दिसत नव्हतं.

तेव्हा मागून वस्ताद म्हणाले, “तिच्या बाजूची काच खाली कर, पल्या… घाट आला.”